कोर्ट क्रमांक सातच्या बाहेर

13 ऑगस्ट 2004, शुक्रवार. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दुपारी पोलीस एका आरोपीला घेऊन आले. कागदोपत्री त्याचं नाव भरत कालीचरण, पण अख्खं शहर त्याला अक्कू यादव म्हणून ओळखत होतं. वय बत्तीसच्या आसपास. तळमजल्यावरच्या कोर्ट क्रमांक 7 मध्ये त्याला उभं करायचं होतं. त्याआधीच उत्तर नागपुरातल्या कस्तुरबानगर वस्तीतल्या बायका मोठ्या संख्येने तिथे येऊन थांबल्या होत्या. पदराखाली कुणाकडे तिखटाची पुडी होती, कुणाकडे भाजी चिरायचा सुरा. पंधराएक मिनिटांत सगळं संपलं. अंगावर सत्तरहून जास्त वार झालेले, आणि न्यायालयाच्या फरशीवर अक्कू मरून पडलेला.

एवढी गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी त्या बायकांना रणरागिणी म्हटलं, दुर्गा म्हटलं, चंडिका म्हटलं. मला हे शब्द मनापासून खटकतात. बाईला देवी केलं की ती तिथवर का पोचली हे विचारायची गरजच उरत नाही. देवी कोपते आणि राक्षस मारते, विषय संपला. पण कस्तुरबानगरच्या बायका देवी नव्हत्या. धुणीभांडी करणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या, पोरं शाळेत घालण्यासाठी धडपडणाऱ्या बायका होत्या त्या. अन् कोर्टात येण्याआधी त्यातल्या कित्येकींनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

म्हणून हे प्रकरण त्या पंधरा मिनिटांपासून नाही, त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून वाचायला हवं.

वस्ती आणि तिचा दादा

कस्तुरबानगर म्हणजे तीनेकशे घरांची वस्ती. बहुसंख्य कुटुंबं दलित. अक्कू बाहेरून आलेला गुंड नव्हता, याच गल्ल्यांत लहानाचा मोठा झाला होता. कुठल्या घरात कोण एकटं असतं, कुणाचा नवरा रात्रपाळीला जातो, कुणाच्या हातात महिन्याचे पैसे कधी येतात, हे त्याला ठाऊक होतं. हफ्ता हे त्याचं रोजचं काम. पैसे दिले नाहीत तर घरातलं सामान फोडायचं, माणसाला रस्त्यावर आणून मारायचं. बलात्कार हे त्याचं दुसरं हत्यार होतं, आणि ते तो मुख्यतः धाक बसवायला वापरायचा, असं वस्तीतल्या बायकांनी पुढे अनेकदा सांगितलं. बोलणाऱ्या घरातली बाई किंवा मुलगी उचलायची, म्हणजे ते घर गप्प होतं आणि शेजारची दहा घरंही. किती जणींवर अत्याचार झाला याचा खात्रीचा आकडा नाही. वस्तीतले लोक किमान चाळीस म्हणतात.

तक्रारी झाल्या नाहीत असं मुळीच नाही. झाल्या. पण ठाण्यात जाऊन आलेल्या बायकांचे अनुभव जवळजवळ सारखे होते. एका तरुणीला सांगितलं गेलं की तुझंच त्याच्याशी काहीतरी असणार. काही जणींना त्यांच्या चालचलणुकीवरून ऐकवलं गेलं. आणि वस्तीच्या सांगण्यानुसार याहून भयंकर गोष्ट ही होती की तक्रार करणारीचं नाव संध्याकाळपर्यंत अक्कूच्या कानावर जायचं. मग तो दारात यायचा.

इथे थोडं थांबायला हवं. पोलिसांवर लोकांचा विश्वास नाही असं आपण अगदी सहज म्हणतो, जणू तो लोकांच्या मनाचा दोष आहे आणि जनजागृतीची चार शिबिरं घेतली की जाईल. कस्तुरबानगरचा अविश्वास हा भावनेचा मामला नव्हता. तो हिशेब होता. तक्रार केली तर काय होतं हे त्यांनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं. ठाण्यात न गेलेली बाई एकदा भरडली जायची, गेलेली दोनदा. अशा ठिकाणी ठाण्यात न जाणं हाच शहाणपणा ठरतो.

दुसरी बाजूही या हिशेबात होती. अक्कूला अटक होतच नव्हती असंही नाही. तेराचौदा वेळा तो पकडला गेला होता. 1999 च्या अखेरीस तर त्याला वर्षभर स्थानबद्ध केलं गेलं. ज्या कायद्याखाली हे होतं त्याच्या नावातच ‘झोपडपट्टीदादा’ हा शब्द आहे. 1981 चा हा कायदा एमपीडीए नावाने ओळखला जातो. खटला न चालवता, गुन्हा सिद्ध न करता, पोलीस आयुक्तांच्या आदेशाने माणसाला जास्तीत जास्त बारा महिने आत ठेवता येतं. अशा आदेशांच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा गोपनीय जबाब असतात. साक्षीदाराचं नाव झाकलेलं, कारण उघड बोलला तर त्याच्या जिवाला धोका. म्हणजे लोक या माणसाला घाबरून साक्ष देत नाहीत हे सरकार स्वतःच या कायद्यातून मान्य करतं. मान्य करून काय करतं? वर्षभर त्याला दूर ठेवतं. वर्ष संपलं की तो त्याच गल्लीत, त्याच घरांसमोर परत येतो, आणि त्या वर्षात साक्षीदारांना धीर देऊन मूळ गुन्ह्यांचे खटले उभे करण्याचं काम झालेलंच नसतं. तडीपारीचंही तेच. हद्दीबाहेर काढलेला माणूस रात्री घरी जेवायला येतो हे वस्तीतल्या पोरासोरांना माहीत असतं, फक्त ठाण्याला माहीत नसतं.

त्यामुळे कस्तुरबानगरसाठी अटक ही सुटकेची बातमी उरली नव्हती. अटकेनंतर जामीन आणि जामिनानंतर सूड, हा क्रम पाठ झाला होता. अक्कू आत गेला की वस्ती त्याच्या बाहेर येण्याचे दिवस मोजायची. 13 ऑगस्टला ती गर्दी कोर्टात का जमली ते या क्रमातूनच समजतं.

सिलिंडर

2004 च्या पावसाळ्यात या चक्राला खीळ घातली ती वस्तीतल्याच एका तरुणीने. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, नोकरीच्या निमित्ताने बाहेर राहिलेली. तिच्या घरातली सगळी भावंडं शिकलेली होती, त्यामुळे अक्कू त्या घराच्या वाटेला फारसा गेला नव्हता. शेजाऱ्यांवर हल्ला झाल्यावर तिने तक्रार केली. ठाण्यात नुसतं बोलून न थांबता वरच्या अधिकाऱ्यापर्यंत गेली.

अक्कू साथीदारांना घेऊन तिच्या दारात आला. ॲसिड टाकू, असं करू, तसं करू, अशा धमक्या बाहेरून सुरू झाल्या. ती आत, दाराला कडी. पोलिसांना फोन केला, कुणी आलं नाही. दार तुटायला आलं तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरची कळ उघडली, काडी हातात धरली आणि ओरडून सांगितलं की आत आलात तर सगळेच जळू. गॅसचा वास दाराच्या फटीतून बाहेर आला असणार, कारण ते मागे सरले.

आपल्या घरांत तो लाल सिलिंडर ओट्याखाली असतो, रात्री झोपताना आई उठून कळ बंद आहे ना ते बघते. तीच कळ तिने उघडली. पुढच्या महिन्याभरात जे घडलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं. अक्कू मागे हटतो हे वस्तीने पहिल्यांदा पाहिलं. लोक बाहेर आले, दगड उचलले गेले, टोळी पळाली. 6 ऑगस्टला शेकडोंच्या जमावाने अक्कूचं घर पाडलं. दुसऱ्या दिवशी तो पोलिसांच्या ताब्यात होता. वस्तीपासून वाचण्यासाठी तो आपणहून गेला असंच लोक सांगतात. वर्षानुवर्षं ठाण्याचा आसरा वस्तीला मिळाला नाही, तो एका रात्रीत त्याला मिळाला.

8 ऑगस्टला त्याला कोर्टात आणलं तेव्हाही वस्ती तिथे लोटली होती. पुढची तारीख 13 पडली. त्या आठवड्यात एकच बातमी कानोकानी फिरत राहिली, की त्याला जामीन मिळणार.

ती दुपार

नेमकं काय झालं याचे तपशील आजही वेगवेगळे सांगितले जातात. वारंवार येणारी हकिकत अशी. कोर्टाकडे नेलं जात असताना अक्कूने गर्दीतल्या एका बाईला पाहिलं. तिच्यावर त्याने अत्याचार केलेला होता. तिला त्याने वेश्या म्हटलं आणि पुन्हा तसंच करीन असं धमकावलं. सोबतचा पोलीस हसला, असंही सांगतात. तिने पायातली चप्पल काढली आणि त्याला मारायला सुरुवात केली. मग तिखट उडालं. अक्कूच्या डोळ्यांत आणि पोलिसांच्याही. पोलीस बाजूला झाले, दगड आणि सुरे बाहेर निघाले.

बायकांनीच मारलं, की गर्दीतल्या पुरुषांनी मारलं आणि बायकांनी ते अंगावर घेतलं? हा वाद तेव्हाही झाला, आजही होतो. विरोधी टोळीने संधी साधली असाही एक प्रवाद आहे. सत्तरहून अधिक वार आणि पंधरा मिनिटं हे गणित पाहता एकाहून अधिक हात होते यात शंका नाही. त्यापलीकडे मी जाणार नाही, कारण पुढे न्यायालयालाही जाता आलं नाही.

पोलिसांनी पाच बायकांना पकडलं. लगेच वस्ती रस्त्यावर आली आणि घराघरातल्या बायका पुढे येऊन म्हणू लागल्या की मीच मारलं, मला अटक करा. काही दिवसांत पाचही जणींना जामीन मिळाला. सिलिंडरवाल्या तरुणीचं म्हणणं होतं की ती त्या दुपारी कोर्टात नव्हतीच, वस्तीत सह्या गोळा करत होती. तरी कटाच्या आरोपात तिचंही नाव आलं. तपास पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. नागपुरातल्या वकिलांच्या एका गटाने या बायकांना आरोपी नव्हे तर पीडित समजा अशी भूमिका घेतली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनीही जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की या बायकांनी पोलिसांकडे पुन्हा पुन्हा संरक्षण मागितलं, ते मिळालं नाही आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. न्यायासनावर आयुष्य घालवलेल्या माणसाने, न्यायालयात झालेल्या हत्येबद्दल हे म्हणावं! त्या काळात नागपुरात हवा काय होती ते यावरून कळावं.

खटला दहा वर्षं रेंगाळला. आरोपींतले काही जण निकाल लागायच्या आतच वारले. बाकीच्यांनी तारखांवर तारखा घेतल्या, मजुरी बुडवून कोर्टाच्या व्हरांड्यात बसले. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये उरलेल्या सगळ्यांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

कागदावर काय उरलं

एवढ्या गर्दीत, दिवसाढवळ्या, न्यायालयाच्या इमारतीत, पोलिसांच्या डोळ्यांदेखत खून होतो आणि तो कुणी केला ते सिद्ध होत नाही. याचा आनंद मानणारे पुष्कळ आहेत. त्या बायकांना शिक्षा झाली नाही याचं मलाही बरं वाटतं, ते लपवत नाही. पण जरा निरखून पाहिलं तर ही तीच शांतता आहे. अक्कूविरुद्ध कुणी बोलत नव्हतं ते भीतीने. अक्कूच्या मारेकऱ्यांविरुद्ध कुणी बोललं नाही ते एकजुटीने. कारण उलटं झालं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी उभं राहत नाही हे तसंच राहिलं.

आणि दुसऱ्या बाजूला काय झालं? आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. मेलेल्या माणसाविरुद्ध पुरावा नोंदवला जात नाही, उलटतपासणी होत नाही, निकाल येत नाही. वस्तीतल्या ज्या बायकांनी वर्षानुवर्षं जे सोसलं, ते आपल्यावर घडलं असं अक्कूसमोर उभं राहून सांगण्याची आणि न्यायाधीशाने ते लिहून घेण्याची वेळ कधी आलीच नाही. अक्कूच्या खटल्यात पोलीस साक्षीला आले असते. कोणत्या तारखेला कोणती तक्रार आली, ती अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनी आपणहून तपास करायची गरज नसलेली, म्हणून का टाकली, गुन्हा का नोंदवला नाही, तक्रारदाराचं नाव बाहेर कसं गेलं, हे प्रश्न भर कोर्टात विचारले गेले असते. बचावाच्या वकिलाने नसतं विचारलं तर फिर्यादीच्या वकिलाने विचारलं असतं. तेही राहिलं.

म्हणजे अत्याचार सिद्ध नाही, खून सिद्ध नाही, पोलिसांची हयगय सिद्ध नाही. निकालपत्रं वाचून कस्तुरबानगर समजून घ्यायचं ठरवलं तर तिथे काही घडलंच नाही असं वाटेल. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने 2005 मध्ये या प्रकरणावर अहवाल काढला आणि त्यात बोट ठेवलं ते पोलिसांच्या उत्तरदायित्वावर. बरं झालं तो निघाला. पण अहवाल म्हणजे निकाल नव्हे.

झुंडीने केलेल्या न्यायावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ‘कायदा हातात घेऊ नका’ हे वाक्य ठाण्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, ते मला या बायकांना ऐकवायचं नाही. कायदा त्यांच्या हातात कुणी कधी दिलाच नव्हता. आक्षेप हा, की अक्कूच्या मरणाने अक्कूला पोसणारी माणसं सुटली.

वस्तीबाहेर

नागपूरचं उदाहरण घेऊन लोक म्हणतात, बघा, वस्तीला बरोबर माहीत असतं कोण गुन्हेगार आहे. कस्तुरबानगरला माहीत होतं, हे खरं. दहा वर्षं एकाच गल्लीत राहून त्यांनी तो माणूस पाहिला होता. पण तो तर्क पुढे सरकतो तेव्हा काय होतं?

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी तिथे उतरले होते, बहुतेक सोलापुरातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे व्हॉट्सॲपचे संदेश आठवडेच्या आठवडे फिरत होते. एकाने कुठल्याशा लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं गेलं. त्यांच्याकडे ओळखीची कागदपत्रं होती. पाहायला कुणी तयार नव्हतं. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या समाजातली ही माणसं, पोलिसांच्या संशयाचा धनी असणं तर त्यांच्या वाट्याला इंग्रजांच्या काळापासून आलेलं. त्यांनाही पोलिसांवर विश्वास ठेवायला काही कारण नव्हतं. आणि मारणारे आदिवासी पाड्यातले, ज्यांच्यासाठी पोलीस म्हणजे लांबचं ठाणं आणि उशिरा येणारी गाडी.

या दोन घटना एका मापाने मोजता येत नाहीत. कस्तुरबानगरात मरणारा अत्याचारी होता, राईनपाड्यात मरणारे निरपराध होते. पण दोन्हीकडे मारणाऱ्यांची खात्री सारखीच पक्की होती. गर्दीच्या आतून पाहताना दोन्ही दुपारी सारख्याच दिसल्या असणार.

कायद्यात काय हललं

2004 नंतर कागदावर पुष्कळ बदललं, आणि त्यातलं काही या बायकांच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवणारं आहे. 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये. 2013 पासून बलात्काराची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. त्याच वर्षी ललिताकुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक ठरलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, हद्दीचा प्रश्न नंतर. कस्तुरबानगरच्या बाईला तेव्हा हे मिळालं असतं तर ती आपल्या हद्दीतलं ठाणं टाळून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जबाब देऊ शकली असती. नाव फुटण्याची शक्यता निदान कमी झाली असती.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक कमी चर्चिलेला बदल. एप्रिल 2022 मध्ये लखीमपूर खेरीच्या, आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जामिनाच्या सुनावणीत पीडितांनाही आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. लहान मुलींवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर फिर्यादीने किंवा तिच्या वतीने कुणी जामिनाच्या सुनावणीला हजर असणं 2018 पासूनच आवश्यक आहे.

13 ऑगस्टची ती गर्दी आठवून पाहा. जामीन होणार की नाही हे त्या बायकांना सांगणारं कुणी नव्हतं. सरकारी वकिलाने विरोध केला आहे का, न्यायाधीश काय म्हणाले, पुढची तारीख कधीची, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत अधिकृतपणे पोचत नव्हतं. व्हरांड्यात कुणीतरी कुणालातरी म्हणालं, सुटतोय, एवढीच त्यांची माहिती. आत त्याच्यासाठी वकील होता, त्याच्यासाठी बंदोबस्त होता. पट्टेवाला दारात येऊन पुकारा करणार होता तोही त्याच्याच नावाचा. त्या बायका सकाळपासून कोर्ट क्रमांक 7 च्या बाहेर उभ्या होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीच्याही नावाचा पुकारा होणार नव्हता.